दाबला तरी परत उभा राहणारा धातू: गावच्या शाळेत नितिनॉलचे प्रयोग कसे करायचे

सायकलचा जुना आरा हाताने वाकवा. थोडासा वाकवून सोडला तर परत येतो, जास्त वाकवला तर वाकलेलाच राहतो. बांधकामावरची बाइंडिंग तार तर थोडंही ऐकत नाही, जिथे वळवाल तिथे राहते. प्रत्येक धातूला अशी एक हद्द असते. साध्या लोखंडी तारेत ती हद्द अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते. म्हणजे शंभर मिलिमीटर तार अर्धा मिलिमीटर ताणण्याच्या आतच ती कायमची बिघडते.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात: मग बॉलपेनातली स्प्रिंग कशी परत येते? ती येते ती आकारामुळे. लांबलचक तार गुंडाळलेली असते, दाबताना तारेच्या प्रत्येक तुकड्याला फक्त जरासा पीळ बसतो आणि धातू आपल्या हद्दीतच राहतो. स्प्रिंग उलगडून तार सरळ केली, की ती काही आपोआप परत गुंडाळली जात नाही. हा फरक आधी फळ्यावर नीट समजावून द्या. तो समजला नाही, तर पुढचं सगळं मुलांना जादूच वाटेल.

नितिनॉल हा निकेल आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू. दोन्हींचे अणू जवळजवळ निम्मे-निम्मे. वजनात पाहिलं तर सुमारे ५५ टक्के निकेल आणि ४५ टक्के टायटॅनियम. तो सुमारे ८ टक्क्यांपर्यंत ताणला किंवा दाबला तरी मूळ आकारात परततो. काही तारा हात सोडताच परततात, काही गरम केल्यावर. तार एकाच कारखान्यातली असली, तरी ती यापैकी काय करील हे तापमानावर ठरतं. म्हणूनच हा लेख विदर्भातल्या शाळांसाठी वेगळा लिहावासा वाटला. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. पुण्या-मुंबईच्या वर्गात बरोबर चालणारा प्रयोग आपल्या टिनाच्या शेडमध्ये एप्रिलात सपशेल फसू शकतो, आणि त्यात शिक्षकाचा काही दोष नसतो.

आत नेमकं काय घडतं

थंड असताना या धातूतले अणू तिरप्या मांडणीत बसलेले असतात. तिला मार्टेन्साइट म्हणतात. गरम झाल्यावर ते सरळ, चौकोनी मांडणीत येतात, ती ऑस्टेनाइट. थंड तार वाकवली, की अणूंच्या रांगा एका बाजूला झुकतात, पण शेजारी सोडत नाहीत. वाऱ्याने पऱ्हाटीच्या ओळी एकीकडे कलाव्यात आणि मुळं मात्र जागच्या जागी राहावीत, तसं. साध्या लोखंडात असं होत नाही. तिथे अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि नवे शेजारी धरतात, म्हणून परतीची वाट राहत नाही. नितिनॉल गरम केला की रांगा पुन्हा सरळ होतात आणि तारेचा आकार परत येतो.

खोलीच्या तापमानालाच ऑस्टेनाइट असलेली तार वाकवली, तर ताणामुळे तिच्यात तेवढ्यापुरता मार्टेन्साइट तयार होतो आणि हात सोडताच तो मोडतो. ही अतिलवचिक तार. तिला परतायला वेगळी उष्णता लागत नाही.

गावात लोहार असेल तर मुलांना एकदा त्याच्या भात्यावर न्या. वखराची पास किंवा विळा लाल करून तो पाण्यात बुडवतो, तेव्हा पोलादातही ऑस्टेनाइटचा मार्टेन्साइट होतो. पण पोलादातला मार्टेन्साइट अतिशय कडक असतो, म्हणून विळ्याला धार टिकते. नितिनॉलमधला मात्र मऊ असतो, बोटाने वळतो. पाणी पाजताना चुर्र आवाज येतो तेव्हा आत काय घडतं, हे मुलांनी तिथे उभं राहून ऐकलं, तर पुस्तकातला धडा वेगळ्याच रीतीने कळतो.

या धातूची कथाही सांगण्यासारखी आहे. १९३२ साली आर्ने ओलांडर या स्वीडिश संशोधकाला सोने-कॅडमियमच्या मिश्रधातूत असं विचित्र वागणं दिसलं होतं, पण सोन्याची तार कोण वाकवत बसणार? १९५९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. नितिनॉलची थंड कांडी फरशीवर टाकली, तर ठप्प आवाज आला. गरम कांडी टाकली, तर घंटेसारखा खणखणीत. गरम कांडी पाण्याने थंड करून पुन्हा टाकली, तर परत ठप्प. आवाज बदलतो म्हणजे आतली मांडणी बदलते, हे त्यांनी त्यावरूनच ताडलं. पुढे एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्याने तिला आपल्या पाईपच्या लायटरची आच दिली आणि पट्टी सगळ्यांदेखत उलगडली.

कोणती तार घ्यायची

दुकानदाराला किंवा ऑनलाइन विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: परिवर्तनाचं तापमान, म्हणजे वाकवलेली तार ज्या तापमानाला मूळ आकारात परतते ते, किती? हा आकडा न देणाऱ्याकडून तार घेऊ नका. निकेलचं प्रमाण दशांश टक्क्याने इकडे-तिकडे झालं, तरी हे तापमान सुमारे १० अंशांनी सरकतं. तेव्हा दिसायला सारख्या दोन तारा वागायला अगदी वेगळ्या निघतात.

४५ अंशांची तार सगळीकडे मिळते आणि बहुतेक व्हिडिओंत तीच दिसते. आपल्याकडे ती दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच वापरा. एप्रिल-मेमध्ये दुपारी टिनाखालच्या वर्गात ती वाकवलेली राहणारच नाही. मुलाने वळवून बाकावर ठेवली, की स्वतःच सरळ होऊ लागेल. उन्हाळी शिबिरासाठी ६० ते ७० अंशांची घ्या. माझ्या मते एकच तार घ्यायची असेल तर हीच घ्यावी. ती बाराही महिने वाकलेली राहते आणि चहाच्या गंजातल्या पाण्याने सरळ होते. विजेवर चालवायची बारीक तार ७० किंवा ९० अंशांची येते. आपल्या उन्हाळ्यासाठी ९० ची बरी, कारण आजूबाजूची हवाच ४५ अंशांची असेल, तर ७० ची तार थंड व्हायला फार वेळ घेते.

जाडी अर्धा ते एक मिलिमीटर असू द्या. त्याहून बारीक तार हातात नीट दिसत नाही आणि जाड तार वाकवायला मुलांची ताकद पुरत नाही. मीटरभर तारेत वर्गाचं काम भागतं.

अतिलवचिक तारेसाठी आणखी एक वाट आहे. तालुक्याच्या गावी दात सरळ करणारे डॉक्टर येत असतील, तर दातांना लावायच्या नितिनॉल तारेचा नवा, कोरा तुकडा त्यांच्याकडे मागा. तोंडात वापरलेली तार घेऊ नका. १९७० च्या दशकापासून दंतवैद्यक या तारांवर चालतं. पोलादी तार दर काही आठवड्यांनी आवळावी लागते, ही मात्र महिनोन्‌महिने हळुवार, जवळपास एकसारखा जोर देत राहते. त्यांच्याकडे उष्णतेवर चालणाऱ्या तारांचा एक प्रकार असतो, त्याचं तापमान शरीराच्या उष्णतेच्या आसपास, म्हणजे ३५ अंशांजवळ असतं. असा तुकडा मिळाला तर मोठीच सोय झाली. तो माठाच्या पाण्यात मऊ पडतो आणि बंद मुठीत धरला की ताठ होतो. जानेवारीतल्या सकाळी तो शिशासारखा वळतो. मे महिन्यात त्याच वर्गात वाकवला, तर हातातून उसळतो. दोन्ही ऋतूंत तोच तुकडा दाखवून वहीत नोंद ठेवायला सांगा.

चष्म्याच्या दुकानात मोडलेली ‘मेमरी’ फ्रेम पडलेली असेल तर तीही चालते. तिच्या काड्या बहुधा याच धातूच्या असतात. मात्र वाकवून खात्री करून घ्या, कारण त्या नावाने साधं पोलादही विकलं जातं.

किती वाकवायचं: हा हिशेब आधी करा

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात. मुलं तार जोरात दुमडतात, तिला कायमची घडी पडते आणि मग ‘हा धातू खोटा आहे’ असा निष्कर्ष निघतो. ८ टक्के ही वरची हद्द आहे. ती ओलांडली, की नितिनॉलही साध्या तारेसारखाच हट्टी होतो.

वाकवल्यावर तारेवर किती ताण पडतो, हे काढणं सोपं आहे. तारेची जाडी घ्या आणि तिला ‘ज्यावर गुंडाळली त्या वस्तूचा व्यास अधिक तारेची जाडी’ याने भागा. अर्धा मिलिमीटर तार ७ मिलिमीटरच्या पेन्सिलीवर गुंडाळली तर ०.५ भागिले ७.५, म्हणजे ६.७ टक्के, हद्दीच्या आत. तीच तार ३ मिलिमीटरच्या रिफिलवर गुंडाळली तर १४ टक्के; तार गेली. लक्षात ठेवायला नियम असा, की तारेच्या जाडीच्या सोळापट किंवा त्याहून जाड वस्तूवरच तार वळवायची. तेव्हा ताण ६ टक्क्यांच्या खाली राहतो. अर्धा मिलिमीटर तारेला ८ मिलिमीटर, एक मिलिमीटर तारेला १६ मिलिमीटर. हीच तार वर्षभर पुन्हापुन्हा वापरायची असेल, तर ताण ४ टक्क्यांच्या आतच ठेवा, म्हणजे थकवा कमी येतो.

आठवी-नववीच्या वर्गाला हे गणित करायला लावा. एक बाइंडिंग तार, एक सायकलचा आरा आणि एक नितिनॉल तार वेगवेगळ्या जाडीच्या वस्तूंवर वळवायची, सोडायची, आणि किती परतली ते कोनमापकाने मोजायचं. अख्ख्या तासाचं काम आहे आणि यात सामग्रीचा खर्च जवळपास नाहीच.

गरम पाण्याचा प्रयोग

एक गंज, पाणी, प्रयोगशाळेतला तापमापी, सांडशी आणि स्केचपेन एवढं जमवा. ६०-७० अंशांची तार स्केचपेनवर वळवून तिचा गोल करा आणि दोऱ्याने काडीला बांधून पाण्यात सोडा. पाणी थंडच असू द्या. उकळत्या पाण्यात टाकली तर तार क्षणात सरळ होते, मुलं टाळ्या वाजवतात आणि शिकण्यासारखं काहीच दिसत नाही.

मंद आच ठेवा. पाणी सतत ढवळा, नाहीतर तळ गरम आणि वरचं थंड अशी गत होते. तार पहिल्यांदा हलली ते तापमान लिहा, पूर्ण सरळ झाली तेही लिहा. या दोन आकड्यांत सहसा काही अंशांचं अंतर पडतं, म्हणजे सगळे अणू एकदम वळत नाहीत. विक्रेत्याने सांगितलेला आकडा बहुधा दुसऱ्याच्या जवळ असतो. नसेल तर आपल्या डबीवर आपलाच आकडा लिहा.

मग पाणी निवू द्या. तार परत गोल होत नाही, सरळच राहते. तिला फक्त गरम अवस्थेतला आकार आठवतो. आता दर पाच अंशांनी तार बाहेर काढून हलकेच वाकवून बघा, ती मऊ कधी होते ते. हे तापमान आधीच्या आकड्यांपेक्षा बरंच खाली येईल, कित्येकदा २० ते ३० अंशांनी. जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी असते. आलेख काढला की दोन रेषांमध्ये एक मोकळा पट्टा दिसतो. दहावीच्या मुलांनी हा आलेख स्वतः काढावा असं मला मनापासून वाटतं. पाठ्यपुस्तकात बर्फ शून्याला वितळतो आणि पाणी शून्यालाच गोठतं. इथे त्यांना निसर्गाची दुसरी तऱ्हा पाहायला मिळते.

पाणी तापलेलं असताना मुलांना दूर ठेवा आणि तार सांडशीनेच काढा.

नवा आकार शिकवणं

तारेला नवीन आकार कायमचा शिकवायचा तर तिला सुमारे ५०० अंशांवर घट्ट बांधून ठेवावं लागतं. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी पाहायचं.

सर्वांत चांगली जागा म्हणजे तालुक्याच्या आयटीआयची किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची तापमान-नियंत्रक असलेली भट्टी. शाळेचं पत्र घेऊन जा, तार आणि साचा तयार करून न्या. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत तर धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

साचा असा करा: ३ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीला भोकं पाडा, बोल्ट बसवा आणि बोल्टांभोवती तार फिरवून वॉशरखाली दोन्ही टोकं कचकचीत आवळा. बोल्ट काळे, बिनमुलाम्याचे घ्या. जस्ताचा मुलामा ४२० अंशांना वितळतो, तारेला चिकटतो आणि त्याचा धूरही वाईट. तार तापताना सुटायला बघते, म्हणून बांधणी सैल असली की आकार चुकतो. भट्टी ५०० वर स्थिर झाल्यावर साचा आत ठेवा, १० ते १५ मिनिटांनी काढा आणि लगेच पाण्यात बुडवा. तारेवर पिवळसर किंवा निळी झाक येते. तो टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्याने काही बिघडत नाही.

भट्टी नसेल तर लोहाराच्या भात्यावर जमतं, पण नजर तयार लागते. एका टोकाला बंद असलेल्या लोखंडी पाईपात साचा ठेवा आणि पाईप निखाऱ्यात पुरा. थेट ज्वाळा लागू देऊ नका, भाता हळू मारा. हे संध्याकाळी, अंधार पडल्यावर करा. कोणताही घन पदार्थ सुमारे ५२५ अंशांपासून अंधारात जेमतेम लालसर दिसू लागतो. पाईप नुसता लालसर भासायला लागला की थांबायचं, दोन-चार निखारे बाजूला सारायचे आणि तेवढीच आच टिकवायची. उजेडात लाल दिसेपर्यंत तापवला, तर तार मऊ पडेल आणि तिची लवचिकता जाईल. दुसरी खूण म्हणून जुन्या सेलच्या जस्ती डबीचा नखाएवढा तुकडा मातीच्या पणतीत घालून पाईपाशेजारी ठेवा. तो वितळला की ४२० ओलांडले. वारा नसलेली उघडी जागा निवडा आणि पणतीवर वाकू नका.

पहिला आकार म्हणून स्प्रिंग करा, कारण दाबून परत येण्याचा खेळ तिच्यात सर्वांत छान दिसतो. एक मिलिमीटर तार १६ मिलिमीटरच्या सळईवर पाच-सहा वेढे गुंडाळा, टोकं नटांनी आवळा आणि वरच्यासारखं तापवून पाण्यात टाका. आता या थंड स्प्रिंगच्या पोटात एक पेन्सिल आडवी सरकवा आणि वरून फळीने दाबा. वेढे पेन्सिलीच्या दोन्ही बाजूंनी चपटे होतील. पेन्सिल आत असल्यामुळे कोपऱ्यावरचा ताण ७ टक्क्यांच्या आत राहतो. ती न ठेवता पूर्ण चेपलं, तर कडा मोडतात. पेन्सिल काढून चपटी स्प्रिंग गरम पाण्यात टाका. ती फुगून पुन्हा गोल होते. शेजारीच बाइंडिंग तारेची तशीच चेपलेली स्प्रिंग ठेवा, म्हणजे फरक न सांगता कळतो.

विजेवर वजन उचलणं

इथे आकडे काटेकोर ठेवा. ०.१५ मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम असतो. तिचे २० सेंटिमीटर घेतले तर ११ ओहम. टॉर्चचे दीड व्होल्टचे तीन मोठे सेल एकापुढे एक लावले की साडेचार व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह. या तारेला नेमका तेवढाच लागतो. घड्याळातले लहान सेल लावू नका, ते दमतात.

तार उभी टांगा, खाली दीडशे ते दोनशे ग्रॅमचं वजन बांधा. बटण एक-दोन सेकंद दाबलं, की तार ७-८ मिलिमीटर आखडते आणि वजन वर जातं. सोडलं की थंड होऊन वजनाच्या ओढीने लांबते. वजन नसेल तर ती परत लांबणार नाही, कारण थंड तारेला ताणणारं कुणीतरी हवंच. एवढी हालचाल मागच्या बाकावरून दिसत नाही, म्हणून बांबूची हलकी काडी तरफेसारखी लावा आणि टोकाला कागदी झेंडा बांधा.

तारेला डाग देऊन जोड लावता येत नाही. वरच्या ऑक्साइडमुळे कथील धरतच नाही. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळा. पंखा आणि कूलर बंद ठेवा, वाऱ्यात तार तापत नाही. फटफटीची किंवा ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी कधीच जोडू नका: १२ भागिले ११ म्हणजे एक अँपिअरहून जास्त, आणि तार लाल होऊन तिची आठवण कायमची पुसली जाते. घरातल्या मेन लाइनचा तर विचारसुद्धा नको.

सांभाळायच्या गोष्टी

अतिलवचिक तार कापताना तुकडा डोळ्याकडे उडतो. कापणाऱ्याने चष्मा घालावा आणि दोन्ही टोकं हातात धरूनच कापावं. टोकांना टेपची गुंडाळी करा. तार घासून तिची भुकटी करू नका. टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिची अंगठी, डूल वगैरे करून घालू नये.

असेच आणखी धातू

तांबे-जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातूही आकार आठवतो आणि स्वस्त पडतो, पण लवकर थकतो. धातूची काच नावाचा एक प्रकार आहे. वितळलेला मिश्रधातू इतक्या झपाट्याने थंड करतात, की अणूंना रांगा लावायला वेळच मिळत नाही. तो सुमारे २ टक्के दबून परततो. २०१५ मध्ये टायटॅनियम-निकेल-तांब्याची अशी पातळ फिल्म तयार झाली, जी एक कोटी वेळा ताणूनही परत येत होती. २०१७ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅल्शियम, लोह आणि आर्सेनिकच्या स्फटिकाचे केसाहूनही बारीक स्तंभ दाबले. ते १३ टक्क्यांहून अधिक दबून परत उभे राहिले.

हृदयाच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या काही जाळ्या, रूट कॅनालच्या बारीक कानशी, लढाऊ विमानांतल्या तेलाच्या नळ्यांचे सांधे, नासाने चंद्र-मंगळासाठी विणलेली बिनहवेची चाकं, या सगळ्यांत नितिनॉल आहे. १९९७ च्या भूकंपात तडकलेलं इटलीतलं असिसीचं चर्च दुरुस्त करताना याच जातीच्या धातूचे बंध वापरले गेले. आपल्याला जवळचं संशोधन मात्र वेगळं आहे: हा धातू ताणला की तापतो आणि सोडला की आजूबाजूपेक्षा थंड होतो. त्यावर गॅसशिवाय चालणारी थंड करणारी यंत्रं करण्याचे प्रयत्न चालू आहेत. मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी भरून दमणाऱ्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

शेतीसाठी लगेच काही विकत घ्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. शेडनेट किंवा पॉलिहाउसच्या खिडक्या उष्णतेने उघडायच्या असतील, तर मेणाच्या नळीवर चालणारी यंत्रं अजूनही स्वस्त आणि दणकट पडतात.

विज्ञान प्रदर्शनासाठी: कापसाच्या खोलीची घंटा

वेचणीनंतर भाव मिळेपर्यंत कापूस घरातल्याच खोलीत रचून ठेवायची आपली पद्धत. त्या खोलीसाठी उष्णतेची घंटा हा सहावी ते दहावीच्या मुलांना झेपणारा प्रकल्प आहे. इन्स्पायर अवॉर्ड-मानक योजनेत निवड झाली, तर नमुना करायला १०,००० रुपये मिळतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर बहुतेक साहित्य तिथेच सापडेल.

प्लायच्या तुकड्यावर स्क्रू टर्मिनल बसवा आणि ७० अंशांच्या, पाऊण मिलिमीटर जाडीच्या सरळ तारेचं एक टोक त्यात आवळा. दुसरं टोक जाड मार्करवर वळवून मागे घ्या. तार सरळ झाली की जिथे टेकेल, नेमक्या त्या जागी पितळी स्क्रू लावा. ९ व्होल्टचा सेल, बझर, तार आणि स्क्रू असं मंडल जोडा. हवा तापली, तार सरळ झाली आणि स्क्रूला टेकली, की बझर वाजतो आणि तार हाताने परत वळवेपर्यंत वाजतच राहतो.

जागा निवडताना टिनाला चिकटवून लावू नका. उन्हाळ्यात टिनच ६० अंशांच्या वर जातं आणि घंटा दुपारभर ओरडत बसेल. छतापासून दीड-दोन फूट खाली, लाकडी पट्टीवर टांगा. परीक्षेसाठी आग लावायची गरज नाही, उकळत्या पाण्याची वाफ पुरते. परीक्षक विचारतील, की ठिणगी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडली तर? मुलांनी खरं उत्तर द्यावं: ही तार फक्त आपल्याजवळची हवा ओळखते, म्हणून मोठ्या खोलीत तीन-चार तारा समांतर जोडाव्या लागतात, आणि वायरिंग दुरुस्त करणं, खोलीत बिडी-चूल न नेणं ही खबरदारी तिच्याआधी येते. स्क्रूवर आणि तारेवर ऑक्साइड किंवा धूळ बसली की संपर्क तुटतो. म्हणून तारेच्या टोकाला तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळा, स्क्रू महिन्यातून एकदा पॉलिश पेपरने घासा, त्याच दिवशी वाफेवर घंटा वाजवून पाहा आणि सेल बदलल्याची तारीख प्लायच्या मागे लिहून ठेवा.